सी मधून फोरट्रान रुटीन कॉल करणं आणि कंपायलरचे फरक

फोरट्रानमध्ये लिहिलेलं सबरुटीन किंवा फंक्शन सी प्रोग्राममधून वापरायचं, दोन्हीच्या ऑब्जेक्ट फाइली (मशीनच्या भाषेत बदललेला कोड) वेगवेगळ्या कंपायलरने बनवायच्या आणि लिंकरने त्या एकत्र जोडायच्या, असं हे काम आहे. फोरट्रान १९५७ साली आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरसाठी आली, पण मॅट्रिक्सच्या गणिताच्या ब्लास आणि लॅपॅक या लायब्ररी, हवामानाचं डब्ल्यूआरएफ मॉडेल, धूर कुठवर पसरतो ते काढणारं एअरमॉड हे सगळं आजही फोरट्रानमध्येच आहे. त्यामुळे नागपुरात कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्यांच्या धुरावर कोणी प्रोजेक्ट करून राहिलं असेल आणि त्याचा बाकीचा कोड सी मध्ये असेल तर हा विषय त्याला टाळता येत नाही.

पहिली अडचण नावाची. जीफोरट्रान (जीसीसी या मोफत कंपायलर संचातला फोरट्रान कंपायलर) रुटीनचं नाव लोअर केसमध्ये करून शेवटी एक अंडरस्कोर लावतो, म्हणून डीजेम हे मॅट्रिक्स गुणाकाराचं रुटीन सी मध्ये अंडरस्कोर लावून बोलवावं लागतं. त्याच्या आधीचा जुना कंपायलर जी७७ नावात आधीच अंडरस्कोर असेल तर शेवटी दोन लावायचा, इंटेलचा कंपायलर लिनक्सवर जीफोरट्रानसारखाच वागतो पण विंडोजवर सगळं नाव कॅपिटलमध्ये करतो आणि अंडरस्कोर लावत नाही, आयबीएमचा एक्सएल कंपायलर त्यांच्याच एआयएक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर लोअर केस ठेवतो पण अंडरस्कोर नाही. मॉड्यूलच्या (एकत्र ठेवलेल्या रुटीनच्या गटाच्या) आतलं रुटीन असेल तर मॉड्यूलचं नावही त्यात मिसळतं, तेही प्रत्येकाचं आपापल्या पद्धतीने. लोक यालाच सगळ्यात जास्त घाबरतात, पण खरं सांगायचं तर ही सगळ्यात साधी अडचण आहे, कारण नाव चुकलं तर लिंकर लगेच सांगतो. पुढच्या गोष्टी चुकल्या तर कोणीच काही सांगत नाही.

फोरट्रान साधारणपणे प्रत्येक आर्ग्युमेंटचा पत्ता मागतं, म्हणून सी मधून नुसता ५ पाठवून चालत नाही, व्हेरिएबलमध्ये ठेवून त्याचा पॉइंटर द्यावा लागतो. अॅरे फोरट्रानमध्ये कॉलमप्रमाणे साठवतात आणि सी मध्ये रोप्रमाणे. समजा नागपूर, वर्धा, भंडारा या तीन गावांचं बारा महिन्यांचं तापमान सी मध्ये ३ बाय १२ असं ठेवलंय, तर तीच मेमरी फोरट्रानला १२ बाय ३ म्हणून दाखवायची, काही कॉपी करावं लागत नाही. हे विसरलं तर भंडाऱ्याचा मे महिना वर्ध्याच्या खात्यात जातो, प्रोग्राम मात्र आरामात चालतो.

लॉजिकल म्हणजे खरं-खोटं ठेवणारा प्रकार, त्याची गोष्ट अशी की जीफोरट्रानमध्ये ट्रू म्हणजे १, इंटेलमध्ये डीफॉल्टने उणे १ आणि तिथे फक्त शेवटचा बिट बघतात. फंक्शनने कॉम्प्लेक्स आकडा परत दिला तर जी७७ तो एका लपलेल्या पहिल्या आर्ग्युमेंटमधून द्यायचा, जीफोरट्रान सी सारखा रिटर्न करतो. इंटेलची एमकेएल ही गणिताची लायब्ररी जीफोरट्रानसाठी वेगळी इंटरफेस फाइल देते, त्याचं एक कारण हेच. यातून सुटायचं असेल तर फंक्शनला फोरट्रानच्या छोट्या सबरुटीनमध्ये गुंडाळायचं आणि उत्तर आर्ग्युमेंटमधून घ्यायचं.

सगळ्यात धोकादायक म्हणजे स्ट्रिंग. कॅरेक्टर आर्ग्युमेंट असलं की कंपायलर त्याची लांबी गुपचूप एक वेगळं आर्ग्युमेंट म्हणून पाठवतो, जीफोरट्रान ती यादीच्या शेवटी ठेवतो, विंडोजवरचे काही जुने कंपायलर स्ट्रिंगच्या लगेच मागे ठेवायचे. जीफोरट्रानच्या ७ व्या आवृत्तीपर्यंत ही लांबी साधा इंट (सी चा पूर्णांक) होती, ८ पासून साइझ-टी (सी चा आकार मोजायचा प्रकार) झाली. लॅपॅकला एकच अक्षर पाठवायचं असतं म्हणून सी वाले वर्षानुवर्षं लांबी पाठवतच नव्हते आणि सगळं चालून राहिलं होतं. मग २०१९ मध्ये जीसीसीच्या ऑप्टिमायझेशनमुळे त्या न पाठवलेल्या लांबीच्या जागेवर फोरट्रानचा कोड लिहायला लागला, कॉल करणाऱ्याचा स्टॅक (फंक्शनची तात्पुरती मेमरी) बिघडला आणि आकडेवारीच्या आर भाषेचे पॅकेज कोसळायला लागले. शेवटी जीसीसीला त्यासाठी खास वर्कअराउंड पर्याय टाकावा लागला. चूक सी कोडची होती, पण एवढी जुनी आणि एवढ्या ठिकाणी पसरलेली की कंपायलरलाच वाकावं लागलं.

नवीन कोड लिहायचा असेल तर यातलं बरंचसं फोरट्रान २००३ ने सोडवलंय. रुटीनला बाइंड सी लावलं की नाव आपण सांगू तेच राहतं, आयएसओ-सी-बाइंडिंग मॉड्यूलमधून सी-इंट, सी-डबल असे प्रकार मिळतात, व्हॅल्यू लिहिलं तर आकडा सरळ पाठवता येतो. जुनी लायब्ररी असली तरी तिच्यावर असं पातळ कव्हर लिहावं, अंडरस्कोरचे मॅक्रो करत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. कव्हर लिहायचंच नसेल तर सीमेक या बिल्ड टूलचं फोरट्रान-सी-इंटरफेस मॉड्यूल नावाची पद्धत स्वतः तपासून मॅक्रो बनवून देतं. फोरट्रान २०१८ मध्ये तर लांबी आधी ठरलेली नसलेले अॅरेही सी ला डिस्क्रिप्टरच्या (पत्ता, आकार वगैरे माहितीच्या) रूपात देता येतात.

मेन सी मध्ये असलं तरी फोरट्रानची रनटाइम लायब्ररी जोडावीच लागते, म्हणून लिंक करायचं काम जीफोरट्रानकडूनच करून घेणं सोपं पडतं. दोन्ही भाषांचे आउटपुट बफर वेगळे असतात, त्यामुळे स्क्रीनवर ओळी मागेपुढे दिसल्या तर कॉल करायच्या आधी दोन्हीकडे फ्लश करावं, म्हणजे बफर रिकामे करावे.