पार्श्वभूमी : लस दिलेली कोंबडी आणि लागण झालेली कोंबडी कशी ओळखायची?

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रीत बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू सापडला. तेव्हापासून या घातक प्रकाराबाबत देशाचे धोरण एकच राहिले: बाधित क्षेत्रातले पक्षी मारायचे, खड्ड्यात पुरायचे, भरपाई द्यायची, लस नाही. लस नाकारण्यामागचे सर्वांत वजनदार कारण तपासणीचे होते. लस टोचलेल्या पक्ष्याच्या रक्तात जी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) दिसतात, तीच लागण होऊन बरा झालेल्या पक्ष्यातही दिसतात. मग शेडमध्ये विषाणू फिरतो आहे की नाही, हे सांगणार कोण, आणि निर्यातदार देशाचा शब्द समोरचा देश मानणार कसा? हरकत रास्त होती. पण नवापूरच्या ५-६ वर्षे आधीच इटलीत तिच्यावर एक तोडगा वापरून झाला होता.

मूळ कल्पना डुकरांच्या रोगावरच्या लशींतून आली. लशीतल्या विषाणूतून एक प्रथिन मुद्दाम वगळायचे. त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडली तर ती लागणीचीच. लस दिलेला आणि लागण झालेला प्राणी वेगळा ओळखण्याच्या या प्रकाराला पुढे ‘डीव्हा’ हे नाव मिळाले.

इटलीच्या व्हेनेतो आणि लोम्बार्दी भागांत १९९९ च्या मार्चपासून एच७एन१ चा सौम्य प्रकार टर्कींमध्ये पसरत होता. डिसेंबरात तो घातक झाला आणि एप्रिल २००० पर्यंत १ कोटी ३० लाखांहून अधिक पक्षी मेले किंवा मारावे लागले. ऑगस्टमध्ये सौम्य प्रकार परत आला, तेव्हा नोव्हेंबरपासून व्हेरोना परिसरात लसीकरण सुरू झाले. लस जाणूनबुजून एच७एन३ ची घेतली. तिच्यासाठी वापरलेला विषाणू १९९५ मध्ये पाकिस्तानातल्या कोंबडीत सापडलेला होता. नावातले एच आणि एन म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरची दोन प्रथिने. एच तोच असल्याने संरक्षण मिळत होते आणि एन वेगळा असल्याने तपासणी शक्य होती. रक्तात एन१ विरुद्ध प्रतिपिंडे आढळली तर पक्ष्याला खरी लागण झालेली. नुसती एन३ विरुद्धची असतील तर ती लशीची. जोडीला शेडमध्ये लस न टोचलेले काही पक्षी पहाऱ्यासाठी ठेवले जात. २००१ च्या अखेरीस लस दिलेल्या टर्कींचे मांस युरोपात इतरत्र विकायला मुभा मिळाली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण हाच, कारण बाजारपेठेने अशा चाचणीवर विश्वास टाकला.

मे २००२ मध्ये लसीकरण थांबले. ऑक्टोबरात त्याच पट्ट्यात नवा विषाणू आला, तो नेमका एच७एन३! जुनी लस चालू असती तर चाचणीला काहीच दिसले नसते. वर्षाच्या अखेरीस लस बदलून एच७एन१ ची घ्यावी लागली.

चीनने २००५ पासून सक्तीचे लसीकरण केले, पण तिथे लस आणि रोग दोन्हींत एन१ असल्याने हा मार्ग बंद राहिला. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये बदकांना लस द्यायला सुरुवात केली, ती निराळ्या तत्त्वावरची. त्या लशीत विषाणूचे फक्त एच प्रथिन असते. त्यामुळे विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओप्रोटीन या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे दिसली की लागण झाली असे धरता येते. शिवाय दर महिन्याला लस दिलेल्या बदकांच्या घशातले नमुने आणि दर आठवड्याला मेलेल्या पक्ष्यांची तपासणी होते. तरीही अमेरिकेने फ्रान्समधून येणाऱ्या पोल्ट्रीवर निर्बंध घातले; ते जानेवारी २०२५ मध्ये उठले.

ही फ्रेंच पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी का चालणार नाही, याचे उत्तर एच९एन२ मध्ये आहे. हा सौम्य प्रकार भारतातल्या पोल्ट्रीत वर्षानुवर्षे मुरलेला आहे. २०१९ मध्ये मेळघाटातल्या एका लहान मुलातही तो सापडला. लेयर म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या पक्ष्यांत अंडी घटतात, दुसरा एखादा आजार जोडीला आला की मरतुक वाढते. शेतकऱ्यांची लशीची मागणी खरी होती आणि डिसेंबर २०२२ मध्ये भोपाळच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या निष्क्रिय लशीचे तंत्रज्ञान ४ कंपन्यांना देण्यात आले. त्यांतली एक पुण्याची. आता अडचण अशी की, ही लस संपूर्ण विषाणूपासून बनते आणि न्यूक्लिओप्रोटीन फ्लूच्या ‘ए’ गटातल्या सगळ्या उपप्रकारांत जवळपास सारखेच असते. एच९एन२ ची लस टोचलेली कोंबडी त्या चाचणीत लागण झाल्यासारखीच दिसणार. उद्या एच५ प्रथिनाची आधुनिक लस आणली, तरी फ्रान्समध्ये चालणारी चाचणी इथल्या लेयर शेडमध्ये निरुपयोगी.

एच९एन२ ची लस आणण्याच्या निर्णयाच्या बाजूने एक मुद्दा मान्य करायलाच हवा: एच९एन२ ची नैसर्गिक लागणच इतकी पसरली होती की न्यूक्लिओप्रोटीनची चाचणी तशीही गढूळ झाली होती. तरी जी गढूळता अनेक शेडांत होती, ती लसीकरणाने सर्वत्र नेण्याआधी पुढच्या एच५ लशीची तपासणी कशावर करायची, याची उघड चर्चा व्हायला हवी होती. पशुपालकाच्या दृष्टीने एच९एन२ ची आणि एच५ ची या दोन लशी वेगळ्या आहेत. प्रयोगशाळेच्या दृष्टीने नाहीत.

उरतो इटलीचा मार्ग, म्हणजे एन१ ची चाचणी. एच९एन२ च्या लशीचा तिला अडथळा नाही, कारण तिथे एन२ आहे. पण २०१६ मध्ये दिल्लीत आणि केरळात, आणि जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा केरळच्या बदकांत सापडलेला विषाणू एच५एन८ होता. एन१ वर बेतलेल्या चाचणीला तो दिसला नसता. म्हणून एच५ च्या लशीला परवानगी देण्याचा दिवस आला, तर एन१ सोबत एन८ चीही चाचणी, शेडमध्ये लस न टोचलेले पहाऱ्याचे पक्षी आणि मेलेल्या पक्ष्यांची नियमित पीसीआर तपासणी, एवढे परवान्याच्या अटींतच लिहावे लागेल.