स्फटिकातला परका आयन कुठे बसलाय? ईपीआर चाचणीची माहिती

तुमच्या स्फटिकात क्रोमियम किती आहे, हे रासायनिक पृथक्करणातून कळतं. पण ते स्फटिकातल्या अणूंच्या जाळीत कोणत्या जागी बसलंय आणि त्याचा विद्युतभार किती आहे, हे त्या आकड्यात नसतं. रंग आणि चमक तर बहुतेक वेळा त्यावरच ठरतात. म्हणून आम्ही इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजेच ईपीआर, ही चाचणी करतो. हा परिणाम येव्गेनी झाव्होइस्की यांनी १९४४ मध्ये कझान इथे शोधला.

नमुना चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवून त्यावर सुमारे ९.५ गिगाहर्ट्झचे मायक्रोवेव्ह सोडायचे आणि चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवत न्यायचं. जोडी नसलेला इलेक्ट्रॉन ठरावीक क्षेत्रालाच ही ऊर्जा शोषतो आणि आलेखावर रेघ उमटते. मँगनीज +२ तर पाहताक्षणी ओळखू येतो, कारण त्याच्या अणुकेंद्रामुळे सहा रेघांचा जुडगा तयार होतो. व्हॅनेडियम +४ च्या आठ रेघा येतात.

खरी गंमत स्फटिक फिरवताना कळते. मॅग्नेशियम ऑक्साइडचं उदाहरण घ्या. तिथे क्रोमियम +३ हा मॅग्नेशियम +२ च्या जागी बसतो. जादा भाराचा हिशेब जुळावा म्हणून दर दोन क्रोमियममागे मॅग्नेशियमची एक जागा रिकामी राहते. ती जागा लांब असेल, तर स्फटिक कसाही वळवा, क्रोमियमची मुख्य रेघ जागची हलत नाही. ती शेजारीच असेल, तर रेघा कोनाबरोबर सरकू लागतात. अणूच्या शेजारची एक रिकामी जागा अशी आलेखावर दिसते!

मात्र सगळे आयन दिसत नाहीत. ॲल्युमिनियम +३ किंवा झिंक +२ मध्ये सुटा इलेक्ट्रॉनच नसतो. टायटॅनियम +३ साठी नमुना बहुधा खूप थंड करावा लागतो. त्यामुळे रेघ आली नाही म्हणजे स्फटिक शुद्ध, असा अर्थ कृपया काढू नका.

नमुना पाठवताना दोन-तीन मिलिमीटरचा एकसंध तुकडा द्या. त्याची पूड करू नका, कोनाची माहिती तिथेच हरवते. हाताळायला प्लास्टिकचा चिमटा घ्या, कारण पोलादाचे कण चिकटले तर लोहाच्या संकेतात खऱ्या रेघा बुडतात. नमुना आम्ही क्वार्ट्झच्या नळीत ठेवतो. साध्या काचेतलं लोह जी-मूल्य (रेघ आलेखावर कुठे येते ते सांगणारा आकडा) ४.३ जवळ स्वतःचीच रेघ काढतं. अक्ष माहीत असतील तर वेगळ्या कागदावर आकृती काढून द्या, स्फटिकावर शाईची खूण नको.