पातं पुढून कापतं, मागून फेकतं

सोलापुरात साखर पेठेतल्या एखाद्या फर्निचरच्या दुकानात डोकावा किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चक्कर टाका, लाकूड चिरायची गोल करवत कुठे ना कुठे दिसतेच. कुठे ती लोखंडी टेबलाची, पट्ट्यावर चालणारी असते, तर कुठे प्लायवूडच्या फळीला खालून उलटा बोल्ट केलेला मार्बल कटरच करवतीचं काम करतो. भीती कशाची वाटते असं विचारलं, तर बोट जातं पुढच्या दातांकडे. लाकूड तिथे कापलं जातं, म्हणून ते साहजिकच आहे. पण खरी खोड मागच्या दातांत आहे.

पातं फिरतं ते आपल्या दिशेने. पुढचे दात वरून खाली येतात, लाकूड टेबलावर दाबतात आणि थोडं आपल्याकडे रेटतात. तो रेटा आपण हाताने पेलतो. तेच दात टेबलाखालून फिरून मागच्या बाजूने खालून वर निघतात आणि माथ्यावरून सरळ आपल्या पोटाच्या दिशेने येतात. चिरलेल्या लाकडाची कड या मागच्या दातांना लागली, की लाकूड आधी उचललं जातं आणि मग फेकलं जातं. ढकलणाऱ्या हाताला समोरचा विरोध एकदम नाहीसा होतो आणि तो आपल्याच जोराने पात्यावर जातो.

हे किती झटकन होतं? आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारी दोन पोलची मोटर मिनिटाला सुमारे २८८० फेरे घेते. १२ इंची पातं तेवढ्याच फेऱ्यांनी फिरत असेल, तर दाताचा वेग सेकंदाला ४६ मीटर, म्हणजे ताशी १६५ किलोमीटर भरतो. आणि तो उलटा लावलेला कटर? पातं जेमतेम ११० मिलिमीटरचं, पण मिनिटाला १२ हजार फेरे धरले तर दात ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास धावतात. पातं छोटं म्हणून धोका छोटा, हा हिशेब इथे लागू पडत नाही. डोळ्याने पाहून हात मागे घ्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात १२ इंची, ४० दाती पात्याचे जवळपास ४०० दात त्या जागेवरून गेलेले असतात. ‘नीट लक्ष ठेवून काम कर रे’ हा सल्ला चांगलाच, पण लाकूड उसळल्यावर लक्ष काही कामाचं नाही. जे करायचं ते बटण दाबायच्या आधी.

आता लाकूड मागच्या दातांना लागतं कसं? ओल्या लाकडातलं पाणी साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेलं की ते आकसायला लागतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार असताना उघड्यावर टाकलेली ओली कडुनिंबाची किंवा बाभळीची फळी बाहेरून भराभर सुकते, आत ओलीच राहते. बाहेरचा थर ताणलेल्या अवस्थेतच कडक होतो. पुढे आतला भाग आकसू पाहतो, तर बाहेरचा त्याला आकसू देत नाही. असा ताण पोटात घेऊन ती फळी वरून सरळसोट दिसते. करवतीने मधोमध चिरली की ताण मोकळा होतो, दोन्ही भाग आत वळतात आणि चीर पात्यावरच मिटते.

पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकली आहे. ओंडका मिटतो तो असा. आऱ्याने ओंडके चिरणारे म्हणूनच चिरीत पाचर ठोकत पुढे जायचे. यंत्रावर हेच काम पात्याच्या मागे बसवलेली पोलादी पट्टी करते, तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांनी पाडलेल्या चिरीपेक्षा किंचित कमी हवी. पात्यापासून ती काही मिलिमीटरवरच असावी आणि पात्याबरोबर वरखाली व्हावी. पुष्कळ दुकानांत ती ‘मध्ये येते’ म्हणून काढून कोपऱ्यात टाकलेली असते. कटरच्या जुगाडात ती मुळातच नसते, पात्यावरचं झाकणही काढलेलं असतं आणि बटण लॉक करून ठेवलेलं. हे जुगाड मला मुळीच पसंत नाही. दगडाच्या कटरला लाकडाचं पातं लावायचं, तेही उलटं टांगून!

लाकूड मिटलं नाही तरी तिरकं होऊन अडकू शकतं. म्हणून बाजूची सरळ पट्टी, म्हणजे फेन्स, पात्याला समांतर हवी. आडवं कापताना मात्र तुकडा फेन्सला टेकवून कापायचा नाही. तो पातं आणि फेन्स यांच्यात तिरपा अडकतो आणि उडतो. अरुंद पट्टी चिरताना बोटांऐवजी खाच पाडलेल्या काठीने ढकलावं आणि उभं राहावं पात्याच्या रेषेपासून थोडं बाजूला.

घाम पुसायला गळ्यात टॉवेल ही इथली सवयच, आणि टॉवेल तर गावचाच. यंत्रावर उभं राहताना तो खुंटीला लावावा. हातमोजेही नकोत. दाताने नुसती बोटाची कातडी खरचटली असती, तिथे मोज्याचा धागा सापडून अख्खा हात ओढला जातो.

अमेरिकेत स्टीफन गॅस या भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ च्या सुमारास वेगळी वाट काढली. त्याच्या सॉस्टॉप यंत्रात पात्यावर बारीकसा विद्युत संकेत सोडलेला असतो. शरीर वीजवाहक असल्याने बोट लागताच तो संकेत बदलतो आणि स्प्रिंगने ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो. पातं सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबतं. मोठी जखम टळते, पातं आणि ठोकळा मात्र बाद. फेकल्या जाणाऱ्या लाकडापुढे या युक्तीचा इलाज नाही, रायव्हिंग नाइफ तिथेही लागतेच.

आपल्याकडे त्याआधी बघायची गोष्ट म्हणजे स्टार्टर. करवत चालू असताना वीज गेली, कारागीर अडकलेला तुकडा काढायला वाकला आणि वीज आली. साध्या खटक्याच्या बटणावर यंत्र आपोआप सुरू होतं. हिरव्या-लाल बटणांच्या स्टार्टरमध्ये कॉइल असते. वीज जाताच ती संपर्क सोडते आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर चालत नाही. शेतातल्या पंपाला ऑटोस्विच लावून नेमकी हीच सोय बंद केलेली असते, म्हणजे रात्री वीज आली की पाणी आपोआप सुरू. विहिरीवर त्याने झोपमोड वाचते. करवतीला तसला स्टार्टर लागला असेल, तर ऑटोस्विच काढून टाका. तपासणी सोपी आहे. टेबल रिकामं ठेवून, कोणी जवळ नसताना करवत सुरू करा, मेन स्विच बंद करा, पातं पूर्ण थांबू द्या आणि मेन पुन्हा चालू करा. पातं फिरू लागलं, तर आजच स्टार्टर बदला.