कुलपाची किंमत

ऑक्टोबर २०००मध्ये अमेरिकेत सोनीचं प्लेस्टेशन-२ हे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, आलं, तेव्हा त्याची किंमत २९९ डॉलर होती. २००२मध्ये ती १९९वर आली, २००४मध्ये १४९वर आणि २००९मध्ये ९९वर. प्लेस्टेशन-५ नोव्हेंबर २०२०मध्ये आलं, डिस्कवालं मॉडेल ४९९ डॉलरना. पावणेपाच वर्षांनी, ऑगस्ट २०२५मध्ये, ते ५४९ झालं. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१मध्ये ते ४९,९९० रुपयांना मिळत होतं, पुढच्या वर्षाअखेरीस ५४,९९० झालं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सची किंमत तर २०२५मध्ये दोनदा वाढून ४९९वरून ६४९ डॉलरवर गेली.

वयानं जुनं होत जाणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र महाग का व्हावं? महागाई, डॉलरचा भाव, अमेरिकेचं नवं आयातशुल्क ही सगळी कारणं खरी आहेत. पण मला ती अपुरी वाटतात. हा प्रश्न उलटा करून विचारला पाहिजे: ही यंत्रं इतकी वर्षं एवढी स्वस्त कशी मिळत होती?

२०२१मध्ये एपिक गेम्स आणि ॲपल यांच्यातला खटला कॅलिफोर्नियात चालला. त्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांना शपथेवर विचारलं गेलं की एक्सबॉक्सची यंत्रं विकून कंपनीनं कधी नफा कमावला आहे का. उत्तर होतं, नाही. पहिला एक्सबॉक्स २००१चा. म्हणजे वीस वर्षं एक कंपनी दुकानात ठेवलेल्या प्रत्येक खोक्यामागे पदरमोड करत होती.

ती भरून कशी निघते हे आपल्या जत्रेत दिसतं. जत्रेत शिरायला कुणी तिकीट लावत नाही. पाळणेवाला, मिठाईवाला, बांगड्यांची दुकानं हे सगळे जागेचं भाडं भरतात, कारण गर्दी तिथे आहे. आणि गर्दी तिथे येते ती दुकानं आहेत म्हणून. कन्सोल बनवणारी कंपनी ही जत्रा भरवते. खेळणाऱ्यांना ती कमी पैशांत आत घेते आणि गेम बनवणाऱ्यांकडून विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे वाटा घेते. आजच्या ऑनलाइन स्टोअरवर हा वाटा साधारण ३० टक्के असतो. झाँ-शार्ल रोशे आणि झाँ तिरोल या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांनी २००३मध्ये अशा दुहेरी बाजारांचा सिद्धांत मांडला, त्यात व्हिडिओ गेमचं उदाहरण होतं. तिरोल यांना पुढे २०१४चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मात्र भाडं कुणाकडून घ्यायचं हे आपोआप ठरत नाही. विंडोजचं गणित याच्या बरोबर उलटं आहे. तिथे संगणक घेणारा विंडोजचे पैसे भरतो आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याकडून मायक्रोसॉफ्ट प्रत्येक प्रतीमागे काहीच मागत नाही. मग कन्सोलवर वाटा गेममधून का? कारण खेळणारे सारखे नसतात. एखादा वर्षाला दोन गेम घेतो, दुसरा पंधरा. यंत्र महाग केलं तर पहिला येणारच नाही. यंत्र स्वस्त ठेवून प्रत्येक गेममागे थोडं थोडं घेतलं, की जो जास्त खेळतो तो आपोआप जास्त भरतो. घरातल्या विजेच्या मीटरसारखं.

पण मीटर लावायचा तर चोरवाट बंद हवी. ती बंद नसेल तर काय होतं, हे १९८३मध्ये अमेरिकेनं पाहिलं.

अटारी या अमेरिकी कंपनीचं यंत्र १९७७मध्ये १९९ डॉलरना आलं. त्याच्या खाचेत कुणीही बनवलेली कॅसेट चालायची, कारण दुसरं कुणी कॅसेट बनवेल असं अटारीला वाटलंच नव्हतं. १९७९मध्ये तिथले चार प्रोग्रॅमर बाहेर पडले. गेमवर आपलं नाव यावं आणि विक्रीतला वाटा मिळावा, एवढं त्यांना हवं होतं. त्यांनी ॲक्टिव्हिजन ही स्वतःची गेम कंपनी काढली. अटारीनं खटला भरला, तो १९८२मध्ये मिटला, आणि तोवर रस्ता मोकळा झाला होता. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनंही गेमचा विभाग उघडला. दुकानं कॅसेटींनी भरली. न खपलेला माल परत घ्यायला छोट्या कंपन्यांकडे पैसे नव्हते, म्हणून दुकानदारांनी तो पाच-पाच डॉलरना टोपलीत टाकला. शेजारच्या फळीवर तीस-पस्तीस डॉलरची चांगली कॅसेट पडून राहिली, कारण गिऱ्हाइकाला दोन्हींत फरक दिसत नव्हता. अमेरिकेतला घरगुती गेमचा धंदा १९८३मधल्या सुमारे ३२० कोटी डॉलरवरून १९८५पर्यंत दहा कोटींच्या आसपास घसरला. न खपलेल्या कॅसेटी अटारीनं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरल्या. २०१४मध्ये तो खड्डा उकरला तेव्हा त्या तशाच सापडल्या.

जपानच्या निंटेंडोनं यातून घेतलेला धडा एका छोट्याशा चिपमध्ये मावतो. १९८५मध्ये अमेरिकेत आणलेल्या आपल्या यंत्रात तिनं एक कुलूप-चिप बसवली, तिचा जोड प्रत्येक अस्सल कॅसेटमध्ये. दोघींचा संवाद जुळला नाही तर यंत्र पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहायचं, गेम सुरूच व्हायचा नाही. या कुलपाच्या जोरावर निंटेंडोनं अटी घातल्या: कॅसेटी आमच्याकडूनच बनवून घ्या, पैसे आधी भरा, वर्षाला पाचपेक्षा जास्त गेम काढू नका. अटी जाचक होत्या. पण चालू शकतील अशा गेमची संख्याच कंपनीच्या हाती आल्यानं किमती पुन्हा टोपलीत गेल्या नाहीत.

आपल्याकडची एक आठवण इथे सांगितलीच पाहिजे. निंटेंडोचं मूळ जपानी यंत्र, फॅमिकॉम, १९८३चं. त्यात हे कुलूप नव्हतं. म्हणून त्याच्या नकला सहज निघाल्या आणि नव्वदच्या दशकात त्या आपल्या गल्लीबोळांत पोहोचल्या. माझ्या लहानपणी सांगलीत एका दुकानाच्या मागच्या खोलीत दोन टीव्ही आणि दोन यंत्रं होती, तासाला पाच रुपये. कॅसेट चालली नाही की ती उपसायची, खालच्या सोनेरी पट्ट्यांवर जोरात फुंकर मारायची आणि अंगठ्यानं पुन्हा खाली दाबायची. कॅसेटवर ‘९९९९९ इन १’ छापलेलं असायचं. यादी खाली सरकवत गेलं की तोच मारिओ, तोच कॉन्ट्रा पुन्हा भेटायचा, कधी तिसऱ्या लेव्हलपासून, कधी जास्तीच्या आयुष्यांसह. ते यंत्र बनवणाऱ्याला पुढच्या कॅसेटींतून एक पैसाही मिळणार नव्हता. त्यामुळे त्यानं आपला खर्च आणि नफा दोन्ही यंत्राच्या किमतीतच वसूल केले असणार. ते परवडलं, कारण तोवर त्यातल्या चिपा जुन्या आणि अगदी स्वस्त झाल्या होत्या.

स्वस्तात आत घेण्याचा खेळ सगळ्यात उघडपणे दिसला तो ११ मे १९९५ला, लॉस एंजेलिसमध्ये, व्हिडिओ गेमच्या ई-थ्री या प्रदर्शनाच्या पहिल्याच वर्षी. सकाळी सेगा या कन्सोल बनवणाऱ्या कंपनीचे टॉम कॅलिन्स्की यांनी जाहीर केलं की त्यांचं सॅटर्न हे नवं यंत्र ३९९ डॉलरचं आहे आणि ते आजपासूनच निवडक दुकानांत मिळेल. ज्या दुकानांना माल मिळाला नाही ती चिडली, आणि गेम बनवणाऱ्या कंपन्यांची तयारी सप्टेंबरच्या हिशेबानं चालली होती. त्याच दिवशी सोनीच्या भाषणात स्टीव्ह रेस पहिल्या प्लेस्टेशनची किंमत सांगायला व्यासपीठावर आले, फक्त “टू नाइन्टी-नाइन” म्हणाले आणि खाली उतरले. तीन शब्दांचं ते भाषण मला या धंद्यातलं सगळ्यात नेमकं भाषण वाटतं.

शंभर डॉलरचा हा फरक सोनीला झेपला, कारण तिची नजर यंत्राच्या पलीकडे होती. सीडीचं तंत्र तिनं फिलिप्सबरोबर स्वतः घडवलेलं. सीडी छापायला एक-दोन डॉलर पुरत आणि जादा प्रती काही दिवसांत निघत. निंटेंडोच्या कॅसेटीत मात्र मेमरी चिप असायची. तिचा खर्च कित्येक पट, ऑर्डर काही आठवडे आधी, आणि अंदाज चुकला तर माल गळ्यात. गेम बनवणाऱ्यासाठी हा फरक जगण्यामरण्याचा होता. म्हणूनच वर्षानुवर्षं निंटेंडोबरोबर राहिलेली स्क्वेअर कंपनी ‘फायनल फँटसी’चा सातवा भाग घेऊन १९९७मध्ये प्लेस्टेशनवर गेली. तो तीन सीड्यांवर आला. एक मोठा गेम गेला की त्याच्यामागे खेळणारे जातात, आणि त्यांच्यामागे पुढचे गेम. पहिलं प्लेस्टेशन दहा कोटींवर विकलं गेलं. निंटेंडो-६४ सव्वातीन कोटींच्या आसपास राहिलं आणि सॅटर्न एक कोटीच्याही आत.

सेगानं १९९९मध्ये ड्रीमकास्ट १९९ डॉलरना आणून पुन्हा जोर लावला. यंत्र चांगलं होतं. पण प्लेस्टेशन-२ येणार म्हणून लोक थांबले, लोक थांबले म्हणून गेम आले नाहीत, आणि प्रत्येक यंत्रामागचा तोटा साचत गेला. ३१ जानेवारी २००१ला सेगानं यंत्रं बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. कंपनीचे प्रमुख इसाओ ओकावा यांनी त्याच सुमारास आपले स्वतःचे सुमारे ७० कोटी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन टाकले आणि मार्चमध्ये ते गेले. किमतीच्या लढाईचं इतकं वैयक्तिक मोल मोजलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

पदरमोडीचा हिशेब एकाच गृहीतावर उभा असतो: यंत्र घेणारा गेम घेईल. आपल्याकडे ते गृहीत मुंबईत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारासाठी प्रसिद्ध लॅमिंग्टन रोडवर मोडलं. कुलूप चुकवणारी चिप बसवलेलं प्लेस्टेशन-२ आणि कॉपी केलेल्या डिस्क घेणाऱ्याकडून सोनीच्या पदरात पुढे काहीच पडत नव्हतं. अमेरिकेत ते मोडलं वायुसेनेनं. २००६मध्ये प्लेस्टेशन-३ आलं ५९९ डॉलरना. ते सुटं करून पाहणाऱ्या आयसप्लाय या संस्थेच्या अंदाजानं त्याचा खर्च ८४० डॉलर होता. त्यातली सेल नावाची चिप गणितात विलक्षण वेगवान होती आणि त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली चालायची, म्हणजे ते साध्या संगणकासारखं वापरता यायचं. अमेरिकी वायुसेनेच्या संशोधन केंद्रानं १,७००हून अधिक प्लेस्टेशन-३ एकमेकांना जोडून २०१०मध्ये महासंगणक उभा केला. त्या यंत्रांवर एकही गेम विकला जाणार नव्हता. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात, ते इथे अक्षरशः झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोनीनं सुरक्षिततेचं कारण देत लिनक्सची सोय काढून टाकली.

निंटेंडोनं त्या फेरीत वेगळी वाट धरली. वी हे यंत्र तिनं जुन्या, स्वस्त चिपांवर बनवलं, २४९ डॉलरना विकलं आणि पहिल्या दिवसापासून त्यावर नफा कमावला.

आता गेमच्या किमतीबद्दल थोडं. गेम एकदा तयार झाला की पुढच्या प्रतीचा खर्च जवळपास शून्य. म्हणून कंपन्या किमतीची शिडी लावतात: उतावीळ माणूस पहिल्या आठवड्यात पूर्ण किंमत देतो, सोशीक माणूस सेलमध्ये अर्ध्या किमतीत घेतो. अडचण अशी की गिऱ्हाईक ही शिडी ओळखतं आणि मुद्दाम थांबतं. संशोधक हरिकेश नायर यांनी २००७मध्ये अमेरिकेतल्या कन्सोल गेमच्या विक्रीवर हेच अभ्यासलं. लोक पुढची स्वस्ताई गृहीत धरून वागतात, आणि हे लक्षात न घेता किंमत ठरवणाऱ्या कंपनीचं मोठं नुकसान होतं. निंटेंडोनं यावर साधा उपाय केला. तिचे मोठे गेम फारसे उतरतच नाहीत. २०१७चा ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ कित्येक वर्षांनीही ६० डॉलरलाच होता. थांबून काही मिळणार नाही हे एकदा कळलं की माणूस थांबत नाही.

सुरुवातीच्या कोड्याकडे परत येतो. यंत्र तोट्यात विकणं कंपन्यांना परवडायचं, कारण तो तोटा दरवर्षी आपोआप आटायचा. प्लेस्टेशन-२मधल्या दोन मुख्य चिपा तीन-चार वर्षांत एकाच चिपमध्ये बसल्या. चिप लहान झाली, वीज कमी लागली, खोकं बारीक झालं, किंमत उतरली. आता चिप लहान करणं शक्य असलं तरी ते पूर्वीसारखं स्वस्त पडत नाही. प्लेस्टेशन-५ची चिप २०२२मध्ये सात नॅनोमीटरवरून सहावर गेली, आणि त्याच वर्षी बऱ्याच देशांत त्याची किंमत वाढली. मेमरीसाठी तर आता एआयच्या डेटा सेंटरांशी स्पर्धा आहे.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. डिस्क होत्या तेव्हा जुने गेम विकून माणूस दुसऱ्या कंपनीच्या यंत्राकडे वळू शकत होता. आता त्याचे दीडशे-दोनशे गेम एका खात्यात अडकलेले असतात, विकता येत नाहीत, पलीकडे नेता येत नाहीत. लोकांनी हा डिजिटल संग्रह जमवायला सुरुवात केली नेमक्या त्याच फेरीत आपण हरलो, अशी कबुली एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२३मध्ये दिली होती. १९९५मध्ये शंभर डॉलर कमी केले की लाखो माणसं फिरायची. आज शंभर डॉलर कमी केले तरी ती फिरणार नाहीत, मग कमी कशाला करायचे? कुलूप पूर्वी कॅसेटवर होतं, आता ते खेळणाऱ्याच्या खात्यावर आहे.

ऑक्टोबर २०२५मध्ये एक्सबॉक्सचं नाव असलेलं, हातात धरून खेळायचं नवं यंत्र आलं. ते आसूस कंपनी बनवते. त्यात विंडोज आहे, आणि त्यावर मायक्रोसॉफ्टच्या स्पर्धक दुकानांतले गेमही सरळ चालतात, ज्यांच्या विक्रीतला वाटा मायक्रोसॉफ्टकडे किंवा आसूसकडे येत नाही. सांगलीच्या त्या मागच्या खोलीतल्या यंत्रासारखंच, त्याला कुलूप नाही. ते आलं तेव्हा त्याच्या वरच्या मॉडेलची किंमत ९९९ डॉलर होती.