सेकंडहँड लढाऊ विमानाचं खरं वय

नोव्हेंबर २०२५ मध्ये नेदरलँड्सने १८ एफ-१६ लढाऊ विमानं रोमानियाला एका युरोला विकली. करापोटी रोमानियाच्या संरक्षण खात्याला २.१ कोटी युरो भरावे लागले, पण विमानांची किंमत करारात एकच युरो होती. ती विमानं आधीपासून रोमानियातच होती. फेतेश्तीच्या हवाई तळावर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षण केंद्रात रोमानियाचे आणि युक्रेनचे वैमानिक त्यांच्यावर शिकत होते. याच रोमानियाने २०२२ मध्ये नॉर्वेकडून ३२ जुनी एफ-१६ घेतली होती. सुटे भाग आणि इतर मदत धरून त्यांचे ३८.८ कोटी युरो पडले.

एका युरोच्या व्यवहारामागे राजकारण आहे, युक्रेनचं युद्ध आहे. तरीही चाळिशीला टेकलेल्या लढाऊ विमानाला किंमत का मिळते, आणि घेणारा नेमकं काय विकत घेतो, हा प्रश्न विज्ञानाचा आहे. माझ्या मते त्याचं उत्तर रडार किंवा क्षेपणास्त्रांत शोधायचं नसतं. ते विमानाच्या सांगाड्यातल्या धातूत असतं. रडार बदलता येतं, संगणक बदलता येतो, इंजिनही बदलता येतं. धातूने सोसलेलं मात्र परत घेता येत नाही.

एफ-१६ जोरात वळण घेतं तेव्हा त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पटींपर्यंत भार येऊ शकतो. इंधन आणि शस्त्रांसह विमानाचं वजन १० टन धरलं, तर त्या क्षणी पंखांना ९० टनांचा भार पेलावा लागतो. वळण संपलं की भार उतरतो, पुढच्या वळणाला पुन्हा चढतो. एका सराव उड्डाणात हे कितीतरी वेळा घडतं. एकेका वेळचा भार धातूला मोडण्याइतका नसतो. पण तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की जशी तुटते, तसाच हा भार आवर्तनागणिक धातूच्या आत सूक्ष्म इजा साठवत जातो. यालाच धातूचा शीण म्हणतात. पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली असला तर तुकडा जवळजवळ कितीही आवर्तनं सोसू शकतो. विमानाच्या सांगाड्यात प्रामुख्याने वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी सुरक्षित मर्यादाच नसते. ताण कमी असेल तर वेळ जास्त लागतो, इतकंच.

भेग बहुधा छिद्रापाशी सुरू होते, आणि विमानात रिव्हेट-बोल्टसाठी हजारो छिद्रं असतात. सपाट पत्र्याला गोल छिद्र पाडून तो ताणला, तर छिद्राच्या कडेला आजूबाजूच्या तिप्पट ताण येतो. हे गणित एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. भेग एकदा सुरू झाली की तिचा वेग ताणाच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या घातानुसार वाढतो. म्हणजे ताण दुप्पट झाला तर भेग आठ ते सोळा पट वेगाने पसरते. त्यामुळे सारखेच तास उडालेल्या दोन विमानांची वयं अगदी वेगळी असू शकतात. एक विमान समुद्रावर संथ गस्त घालत राहिलं आणि दुसरं रोज हवाई झुंजीच्या सरावात वळणं घेत राहिलं, तर तीन हजार तासांनंतर दुसरं कितीतरी म्हातारं झालेलं असतं. म्हणून विमानातली उपकरणं कोणत्या उड्डाणात किती भार किती वेळा आला, याची नोंद ठेवतात. जुनं विमान घेणाऱ्यासाठी ही नोंदवही विमानाइतकीच मोलाची. नोंदी अर्धवट असतील, तर सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरूनच हिशेब करावा लागतो.

या शास्त्राची किंमत माणसांनी जीव देऊन मोजली आहे. २२ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत नेवाडामध्ये एका एफ-१११ विमानाचा डावा पंख हवेतच तुटला आणि दोन्ही वैमानिक गेले. ते विमान जेमतेम शंभरेक तास उडालेलं होतं. पंख जिथे फिरतो तिथल्या पोलादी भागात कारखान्यातच एक दोष राहून गेला होता आणि तपासणीत तो सापडला नव्हता. तोपर्यंत अभियंते प्रत्येक भागाला सुरक्षित आयुष्य ठरवून देत आणि तेवढं संपलं की तो भाग बदलत. या अपघातानंतर अमेरिकी हवाई दलाने विचाराची पद्धतच बदलली. प्रत्येक महत्त्वाच्या भागात भेग आधीपासून आहेच असं समजायचं. ती धोकादायक होईपर्यंत किती तास लागतील ते काढायचं. आणि त्याच्या निम्म्या वेळातच तो भाग तपासायचा. मला हा विचार फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या नजरेतून काहीतरी सुटणारच, हे त्यात पहिल्यापासून धरलेलं आहे.

तरीही चुका झाल्या. नोव्हेंबर २००७ मध्ये मिसुरी राज्यावर सराव करताना एक एफ-१५ हवेत दुभंगलं. वैमानिक वाचला. कॉकपिटजवळच्या एका लांब आधारपट्टीची जाडी आराखड्यात ठरल्यापेक्षा कमी होती, आणि तिथली भेग नजरेत न येता वाढत राहिली होती. शेकडो एफ-१५ काही काळ जमिनीवर ठेवावी लागली.

एफ-१६ हलकं, चपळ, दिवसा झुंजणारं विमान म्हणून आखलं गेलं आणि त्याच्या सांगाड्याला ८,००० तासांचं आयुष्य ठरवलं गेलं. पुढे त्याला बॉम्ब, जास्त इंधन, लक्ष्य शोधणारी उपकरणं लावली गेली. वजन वाढलं आणि वापरही अपेक्षेपेक्षा कडक झाला. परिणामी धडाच्या आतल्या आडव्या भिंतींमध्ये अपेक्षेपेक्षा लवकर भेगा दिसू लागल्या. मग सांगाडा मजबूत करण्याचे कार्यक्रम आखावे लागले. त्यातल्या ‘फाल्कन स्टार’ कार्यक्रमात युरोपातले वापरकर्ते देशही होते.

अशा कामात विमान अक्षरशः उघडं करतात. छिद्रांजवळ एडी करंटची तपासणी होते. छोट्या कॉइलमधून सतत उलटसुलट होणारा विद्युतप्रवाह सोडला की जवळच्या धातूतही प्रवाह निर्माण होतो. मध्ये भेग असेल तर त्याची वाट अडते, आणि तो फरक कॉइलमध्ये उमटतो. डोळ्यांना न दिसणारी, रंगाखालची भेगसुद्धा यात सापडते. भेग लहान असेल तर छिद्र थोडं मोठं करून ती काढून टाकतात. मग छिद्रापेक्षा किंचित जाड दांडा त्यातून जोराने ओढतात. त्यामुळे भोवतालचा धातू कायमचा दाबलेल्या अवस्थेत राहतो, आणि दाबलेल्या धातूत भेग सहजासहजी उघडत नाही. ही साधी दिसणारी युक्ती छिद्राचं आयुष्य अनेक पटींनी वाढवते.

सांगाडा भरवशाचा ठरला की मग आधुनिकीकरण. एफ-१६ इथे नशीबवान ठरलं. त्याची उपकरणं एका ठरावीक डिजिटल दुव्यावरून एकमेकांशी बोलतात, आणि हा दुवा सर्वांत आधी वापरणाऱ्या विमानांत एफ-१६ होतं. त्यामुळे जुना संगणक काढून नवा बसवणं तुलनेने सोपं झालं. १९९० च्या दशकात नेदरलँड्स, बेल्जियम, डेन्मार्क आणि नॉर्वे यांनी आपल्या विमानांचं मोठं नूतनीकरण सुरू केलं. तीन जुन्या संगणकांच्या जागी एक नवा आला. रंगीत पडदे, जीपीएस, सुधारित रडार आणि दूर पल्ल्याची क्षेपणास्त्रं आली. रोमानियाला मिळालेली विमानं याच दर्जाची आहेत. पोर्तुगालकडून २०१६-१७ मध्ये आलेली पहिली १२ सुद्धा.

पण विमानात नुसता डबा काढून डबा बसवता येत नाही. नव्या रडारला जास्त वीज लागते, म्हणजे जनित्राची क्षमता बघावी लागते. त्याची उष्णता बाहेर काढावी लागते. नाकातलं वजन बदललं की विमानाचा समतोल बदलतो. पंखाखाली नवं क्षेपणास्त्र लटकवलं, तर एका विशिष्ट वेगाला पंख आणि हवा एकमेकांना हलवू लागतात का, हे पाहावं लागतं. अशी थरथर काही सेकंदांत पंख मोडू शकते. म्हणून प्रत्येक नव्या जोडणीसाठी वेगळी चाचणी उड्डाणं करावी लागतात.

सांगाड्याकडे दुर्लक्ष करून इलेक्ट्रॉनिक्सवर भिस्त ठेवली तर काय होतं, हे रोमानियाने आधीच पाहिलं होतं. १९९० च्या दशकात त्यांनी इस्रायली कंपनीच्या मदतीने शंभरेक मिग-२१ आधुनिक केली, नवे पडदे, नवी शस्त्रं बसवली. खालचं विमान मात्र जुनंच राहिलं. अपघातांचं प्रमाण वाढल्यामुळे एप्रिल २०२२ मध्ये ही विमानं जमिनीवर आली. मग एका वर्षाची मुदत मिळाली, आणि मे २०२३ मध्ये त्यांचं पर्व संपलं. ती पोकळी भरण्यासाठीच नॉर्वेची विमानं आली. रोमानियाला पुढे एफ-३५ घ्यायची आहेत. तोवरची काही वर्षं ही जुनी एफ-१६ काढून देतील, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा आहे, आणि तेवढी ती पुरी करतील असं मला वाटतं.

महाराष्ट्राशी या विषयाचा जवळचा संबंध आहे. १९९७ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर भारतीय हवाई दलाची पहिली सुखोई-३० दाखल झाली. त्या सुरुवातीच्या १८ विमानांना पुढे आलेल्या सुखोई-३० एमकेआयसारखे नाकाजवळचे छोटे पंख नव्हते, आणि दिशा बदलणारी इंजिनाची नळीही नव्हती. त्यांचं एमकेआय करायचं तर सांगाडाच फोडून पुन्हा बांधावा लागला असता. मग भारताने ती रशियाला परत केली आणि बदल्यात १८ नवी एमकेआय घेतली. परत गेलेली विमानं बेलारूसच्या बारानोविची इथल्या दुरुस्ती कारखान्यात पोहोचली. त्यातली १२ आधुनिक करून आफ्रिकेतल्या अंगोलाला विकली गेली. एमकेआयसाठी जो सांगाडा निरुपयोगी ठरला, तो अंगोलाच्या गरजेला पुरेसा होता.

भारताने जुनी विमानं वेगळ्या कारणानेही घेतली आहेत. फ्रान्सने २००५ मध्ये जॅग्वार निवृत्त केली. आता जगात भारतच हे विमान उडवतो आणि त्याचे नवे सुटे भाग सहज मिळत नाहीत. त्यामुळे फ्रान्सकडून ३१ जॅग्वारांचे सांगाडे सुट्या भागांसाठी आले. २०२१ मध्ये मिराज-२००० च्या २४ जुन्या विमानांसाठी २.७ कोटी युरोंचा करार झाला, तोही आपली मिराज उडती ठेवण्यासाठी. मला हा खर्च शहाणपणाचा वाटतो. एका लहान झडपेसाठी अख्खं विमान महिनोन्‌महिने उभं राहणं कुठल्याच हवाई दलाला परवडत नाही.

नाशिकजवळच्या ओझरला हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. मिग-२९ चं आधुनिकीकरण आणि सुखोईची मोठी दुरुस्ती तिथे होते. रशियन विमानांना तासांबरोबर वर्षांचीही मुदत असते. मिग-२९ ची मूळची २५ वर्षांची मुदत या कामामुळे ४० वर्षांपर्यंत नेली गेली. पत्रा, सांधे, गंज आणि भेगा तपासूनच अशी मुदत वाढवता येते. आता ८४ सुखोईंवर नवं स्वदेशी रडार आणि नवी प्रणाली बसवण्याची योजना आहे. बातम्या रडारच्या पल्ल्याच्या येतात. पण एमकेआयची पहिली विमानं २००२ पासून उडत आहेत आणि ताफा अडीचशेहून मोठा आहे. त्यातली ८४ निवडताना प्रत्येक विमानाने आजवर किती भार किती वेळा सोसला, हा तक्ता सर्वांत आधी टेबलावर यायला हवा.