आमच्या कॅम्पेनमध्ये मोळी एवढी महाग का? थोडी पार्श्वभूमी

ठाण्यात आम्ही रोलप्लेइंग गेम खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन टेबलाभोवती बसून खेळायची गोष्ट. आमच्या टेबलवर नवीन कॅम्पेन, म्हणजे बरेच दिवस चालणारी नवी गोष्ट, सुरू होतंय, खाडीकाठच्या एका शहरात, आणि लाकूड, कोळसा, मशाल यांचे भाव रूलबुकपेक्षा एवढे वेगळे का लावलेत असं दोघातिघांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गेममधले भाव आले कुठून ते बघा. १९७४ ला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसनचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असाच खेळ आला, त्यातल्या सामानाच्या यादीत सहा मशाली सोन्याच्या एका नाण्याला, तेलाची कुपी दोनला आणि कंदील दहाला. चुलीसाठी सरपण त्यात नाहीच. यादीच भुयारात उतरणाऱ्यांसाठी, त्यांना उजेड हवा, घरी जेवण कशावर शिजतं याच्याशी त्यांना काय घेणंदेणं. पुढे १९७८ ला गायगॅक्सने स्वतःच लिहिलं की हे भाव अलास्कात सोनं सापडलं तेव्हाच्या गावांसारखे चढे धरा, म्हणजे जिथे खिशात पैसा खुळखुळतो तिथले. मला हे पटतं, पण त्या गावात राहणाऱ्या कुंभाराचं, खानावळवालीचं काय?

सरपण नंतर यादीत आलं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत एका दिवसाचं लाकूड, २० पौंड म्हणजे साधारण ९ किलो, तांब्याच्या एका नाण्याला. मशालही एकच तांब्याला, आणि ती तासाभरात विझते. साध्या मजुराचा रोज त्याच आवृत्तीत चांदीचं एक नाणं, म्हणजे दहा तांबे. आता हिशोब करा. ठाण्याजवळच्या येऊर डोंगराच्या पायथ्याशी सकाळी डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बायका बघितल्या असतील, सुक्या फांद्या वेलीने करकचून बांधलेल्या, मान एकदम ताठ, एक हात वर मोळीला. वीसपंचवीस किलो सहज भरतं ते. वर जायचं, गोळा करायचं, बांधायचं, उतरायचं, मग गिऱ्हाईक शोधायचं, यात दिवस जातो. रूलबुकच्या भावाने तिच्या हातात जेमतेम अडीच तांबे पडतात, मजुरीच्या पाव हिस्सा. जंगल अगदी दाराशी असेल तरच हा भाव खरा वाटतो.

म्हणजे सरपणाच्या किमतीत लाकडाचे पैसे थोडेच, बाकी सगळी वाहतूक. हे जुनंच आहे. इ.स. ३०१ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशनने वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले, त्यात शेतमजुराला जेवण देऊन दिवसाचे २५ दिनार आणि १२०० रोमन पौंड माल भरलेल्या गाडीचं भाडं मैलाला २० दिनार. एक मैल गाडी हाकली की जवळजवळ एका माणसाचा रोज गेला! १८२६ मध्ये फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने शहराभोवती कुठे काय पिकवणं परवडतं त्याचा हिशोब मांडला, त्यात भाजी-दुधाच्या पट्ट्याला लागून लगेच जंगल येतं आणि धान्याची शेती त्याच्याही बाहेर. आपल्याला उलटं वाटतं, पण लाकूड किमतीच्या मानाने जड, लांबून आणणं परवडतच नाही.

पाण्याने मात्र परवडतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या चुली ठाणे जिल्ह्यातल्या जंगलांवर पेटायच्या आणि ते लाकूड होड्यांतून खाड्यांनी जायचं. म्हणून आपल्या गेममधल्या शहरात बंदरावर सरपण स्वस्त आणि टेकडीवरच्या किल्ल्यात दीडपट ठेवलंय.

कोळशाची गोष्ट अजून वेगळी, आणि ही मला सगळ्यात जवळची वाटते. आपल्या ठाणे-रायगड भागात हे काम पिढ्यान्‌पिढ्या कातकऱ्यांनी केलं. लाकडं रचायची, वर पाला, त्यावर माती थापायची, आत धग धरवायची आणि मग दिवसरात्र राखण. कुठे मातीला भेग पडली आणि हवा शिरली की आतला माल जळून राख, म्हणून रात्री उठून भेगा लिंपायच्या. एवढं करून पाचसहा किलो लाकडातून हाती येतो किलोभर कोळसा. आणि बहुतेकांनी ठेकेदाराकडून आधीच उचल घेतलेली असायची, मग नफा कोणाला ते कळलंच. पण त्या किलोभर कोळशात लाकडाच्या जवळपास दुप्पट उष्णता असते, तेवढ्याच धगीला निम्मंच वजन वाहायचं, त्यामुळे जंगलाजवळ कोळसा कोणी विचारत नाही आणि लांबच्या शहरात तोच खपतो. लोहाराला तर तो लागतोच, इंग्लंडमध्येही १७०९ ला अब्राहम डार्बीने कोकवर, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशावर, लोखंड काढेपर्यंत भट्ट्या लाकडी कोळशावरच चालायच्या.

तर टेबलवर भाव असे: मजुराचा रोज दहा तांबे, मोळी डोंगराच्या पायथ्याला आठ, बाजारात बारा, किल्ल्यात अठरा. पाच माणसांच्या घराला एक मोळी तीनेक दिवस पुरते, म्हणजे मजुराच्या कमाईतला बराच वाटा चुलीत जातो, आणि त्या घरात कोणी रात्री उगाच दिवा जाळत बसणार नाही, प्लेअर लोकांनी हे लक्षात ठेवा. कोळसा बाजारात किलोला तीन. मशाल दोन, कारण तिला चिंधी आणि चरबी लागते. आगोटीला जो तो बेगमी करतो तेव्हा भाव चढतात, आणि पावसाळ्यात सुकं लाकूड दुप्पट. तुमची पार्टी, म्हणजे तुमच्या पात्रांची टोळी, आषाढात शहरात पोचतेय, तेव्हा खानावळीत शेकोटीचे पैसे वेगळे पडतील.