भेंडीचं माहेर आणि हळद्या

पावसाळी भेंडी लावणाऱ्या कुणालाही विचारा, हळद्या कसा येतो. आधी कोवळ्या पानाच्या फक्त शिरा पिवळ्या पडतात. मधला भाग हिरवाच असतो, त्यामुळे पान उन्हाकडे धरलं की पिवळ्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखी दिसते. मग सगळं पान पिवळं होतं, झाड खुरटतं, शेंगा फिकट, आखूड आणि चिवट निघतात. काही भागांत याला केवडा म्हणतात. पानामागे बसून रस शोषणारी पांढरी माशी हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. मुंबई इलाख्यातून त्याची नोंद १९२४ साली झाली. झाडात एकदा शिरलेला हा विषाणू मारणारी फवारणी आजही नाही.

भेंडीच्या भावकीतल्या काही जाती मात्र त्याच माशीच्या गराड्यात हिरव्यागार राहतात. जे त्यांच्याकडे आहे, ते आपल्या ताटातल्या भेंडीकडे का नाही?

माणसानं झाड रानातून शेतात आणलं, तेव्हा सगळं रान आणलं नाही. आवडलेल्या मोजक्या झाडांचं बी धरलं. रानात प्रत्येक झाडाच्या गाठीला रोगाशी झुंजणारी थोडी वेगळी जनुकं असतात. त्या मुठीत जी आली तेवढीच पुढे चालली. शिवाय झाडाची काही हत्यारं आपल्यालाच खुपत होती. काकडी-दुधीच्या कुळातला कडूपणा बऱ्याच किडींना दूर ठेवतो, पण कडू फळाचं बी कोण धरणार? पिढ्यान्‌पिढ्या आपण गोड, कोवळं, बिनकाट्याचं तेवढं निवडत आलो.

बी धरणाऱ्या त्या माणसाला मी दोष देणार नाही. रोग न आलेल्या वर्षी प्रतिकार असलेलं झाड आणि नसलेलं झाड शेजारी उभं केलं, तरी फरक दिसत नाही. गोडी जिभेला कळते, दाणा डोळ्याला दिसतो. प्रतिकारशक्ती रोग आल्यावरच दिसते, आणि तोवर ती निसटून गेलेली असू शकते. त्यात शिवारभर एकच वाण असलं, की एका झाडावर जमलेला रोग सगळ्यांवर जमतो. सगळंच हरवलं असंही नाही; जुन्या गावठी वाणांत शेतकऱ्यांनी पुष्कळ काही राखलं आहे.

‘पुसा सावनी’ हे भेंडीचं वाण सुरुवातीला हळद्यापुढे टिकलं, पुढे तेही बळी पडू लागलं. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी भेंडीच्या माहेराकडे पाहिलं. ‘पुसा सावनी’चा संकर त्यांनी अबेलमोशस मॅनिहॉट या भावकीतल्या जातीशी केला. हे सोपं नसतं. दोघांच्या गुणसूत्रांची संख्या जुळत नाही, त्यामुळे संकरित झाडाला धड बीच धरत नाही. धरलंच तर नको असलेले गुणही सोबत येतात. म्हणून ते झाड पुन्हापुन्हा भेंडीशीच संकरित करायचं आणि दर पिढीत हळद्याला दाद न देणारी झाडं तेवढी ठेवायची. यातून १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ आली. विषाणूही बदलत राहतो. पुढे अनेक भागांत हे वाणसुद्धा पिवळं पडू लागलं. म्हणजे माहेरची वाट पुन्हा धरावी लागते, आणि तिथं कुणीतरी शिल्लक असावं लागतं.

भाताची गोष्ट आठवली की मला आजही धडकी भरते. १९७० च्या सुमारास आशियात ग्रासी स्टंट या विषाणूनं भात खुजा होऊ लागला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उपयोगी प्रतिकार सापडला तो एकाच नमुन्यात: उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या, ओरायझा निवारा या रानभाताच्या. गुरदेव खुश आणि सहकाऱ्यांनी ते जनुक लागवडीच्या भातात आणलं, आणि १९७६ मध्ये आलेलं ‘आयआर ३६’ लाखो हेक्टरवर पसरलं. त्या नमुन्यातलीही सगळी झाडं तग धरणारी नव्हती, अगदी मोजकीच होती. भाताच्या बांधावर ते गवत तण म्हणूनच उपटलं जातं.